आधी विचारा, मग उघडा

साळवी सरांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या बंद पडलेल्या स्कूटरमुळे. आमच्या तंत्रशिक्षण संस्थेत मी गणित शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. फाटकाशी किक मारून घामाघूम झालो, तेव्हा मोटार विभागाचे हे साळवी सर जवळ येऊन म्हणाले, "अहो, लाथा मारल्यावर कोणी खरं सांगतं का? काय झालंय ते आधी विचारा तरी."

"आधी विचारा, मग उघडा" हा त्यांच्या वर्गाचा नियमच होता. गाडी शेवटची कोणी चालवली, तेव्हा ती कशी वागली, हे मालकांना विचारल्याशिवाय ते विद्यार्थ्यांना पान्याला हात लावू देत नसत. मालक घाई करू लागले की सर म्हणत, "आपण बसा. घाईनेच बिघडली असेल."

या नियमाचे मोल मला गेल्या वर्षी कळले. माझे थोरले बंधू अचानक गेले. त्यांची रोपवाटिका एका जुन्या पेट्रोल पिकअपवर चालत असे. दादा गेल्यावर ती सुरूच होईना. स्टार्टर फिरे, पण इंजिन पकडत नसे. मेकॅनिकनी प्लग बदलले, कॉइल बदलली, शेवटी भंगारात द्या म्हणाले. गाडी निघाली नाही तर रोपवाटिका बंद करायची, असे वहिनींनी ठरवले होते. मी सरांच्या कानावर घातले. दुसऱ्याच सकाळी सर नारायण पेठेतून रिक्षाने हजर झाले.

त्यांनी टेस्ट लॅम्प लावून पाहिला. किल्लीपर्यंत वीज येत होती, कॉइलपर्यंत पोचत नव्हती. आता डॅशबोर्ड खोलतील असे मला वाटले. सरांनी लॅम्प बाजूला ठेवला.

"वहिनी, दादा गाडी कशी सुरू करत, जरा बसून दाखवा."

वहिनी बसल्या. "आधी खाली वाकून नमस्कार करायचे. मग किल्ली."

"खाली? गणपती तर वर काचेपाशी आहे."

सरांनी सीटखाली हात घातला. दादांनी चोरांच्या भीतीने तिथे एक छोटे बटण बसवले होते. ते दाबल्याशिवाय कॉइलला वीजच जात नसे. सरांनी बटण दाबून किल्ली फिरवली. जरा खोकून गाडी सुरू झाली.

"आणि मी इतकी वर्षं यांना भाविक समजत होते!" दादा गेल्यानंतर वहिनी प्रथमच हसल्या. मग डोळ्यांना पदर लावला.

"भाविक होतेच हो," सर म्हणाले. "राखणीचं काम तेवढं देवावर टाकत नव्हते. काढून टाकू का बटण?"

"राहू दे," वहिनी म्हणाल्या.

पुढे सरांनीच शेजारी बसून वहिनींना ती गाडी चालवायला शिकवली. रोपवाटिका आजही सुरू आहे.

सरांच्या पंचाहत्तरीच्या समारंभासाठी कुंड्या याच पिकअपमधून येणार आहेत. वहिनी खाली वाकून बटण दाबतील, आणि मग खरोखरच हात जोडतील. त्या वेळी त्या सरांसाठी निरोगी, उदंड आयुष्य मागतील, हे मला विचारायची गरज नाही. माझेही मागणे तेच आहे.