राणीचा नकार

आमच्या कुंभार पिंपळगावात चैत्रात मारुतीपुढं नाटक व्हायचं. निजामाच्या राजवटीत जमाव करायचा म्हणजे तहशिलातून परवानगी काढावी लागे. त्या वर्षी ती मिळाली, पण दिवस मावळेपर्यंतचीच. म्हणून नाटक दुपार कलल्यावर उजेडातच करायचं ठरलं. एरवी गॅसबत्तीपुढं उभं राहिलं की समोरची माणसं अंधारात असतात. दिवसा सगळ्यांची तोंडं दिसतात. मला तेच नडलं.

मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. अंगानं काडी, मिसरूड नावापुरतं, आवाज पातळ. म्हणून नायिका मी. लग्न झालेलं होतं, पण बायको लहान, अजून माहेरीच होती. वडील गावातले मातबर शेतकरी, शब्दाला कडक. शाळेचे मास्तर परवानगी मागायला घरी आले तेव्हा वडील म्हणाले, "देवाचं काम हाय, करू द्या. पण उतरल्यावर पोरगं पोरगंच राह्यलं पाहिजे." सगळे हसले. मीही हसलो.

नाटक मास्तरांनीच लिहिलं होतं. एक दुष्ट सरदार गढी जिंकतो, राजाला कैद करतो आणि राजाच्या मुलीला म्हणतो, माझी राणी हो, तुझ्या बापाला सोडतो. ती म्हणते, "ज्या हातानं माझी रयत लुटली, त्या हातात मी हात देणार नाही." मग नायक येतो आणि सरदाराला ठार करतो. सरदाराच्या कामाला उंचापुरा माणूस हवा होता. मास्तरांनी एका धनगराला धरून आणलं. त्याच्या मेंढ्या तेव्हा खतासाठी आमच्याच रानात बसवलेल्या होत्या. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, आवाज असा की ओढ्यापलीकडून हाक मारली तरी मेंढरं मान वर करायची. त्याला वाचता येत नव्हतं. त्याची वाक्यं त्याला ऐकवायचं काम माझ्याकडे आलं.

रोज संध्याकाळी मी रानात जायचो. तो काठीवर हनुवटी टेकवून ऐकायचा आणि एकदा ऐकलेलं विसरायचा नाही. पण अर्थ विचारायचा.

"दादा, ह्यो मानूस एवढा वंगाळ हाय, तर मंग तिच्या बापाला कैदेत रोज दूध का धाडून राह्यला?"

"बाप मेला तर ती कशी वश होईल?"

"न्हाई," तो म्हणाला. "त्याला तिच्यासमोर बरं दिसायचंय."

मास्तरांच्याही हे ध्यानात आलं नसावं. त्या दिवसापासून तो सरदाराची वाक्यं ओरडून म्हणेना, हळू म्हणायला लागला. मी नकाराचं वाक्य म्हटलं की तो खाली बघायचा. घरी परतताना मी बांधावरून मागं वळून बघायचो. का, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारायची लाज वाटायची.

नाटकाच्या दिवशी सगळं गाव लोटलं. पुढं वडील, त्यांच्या शेजारी माझे सासरे. बायांच्या बाजूला सासू आणि तिच्या आडून डोकावणारी माझी बायको. तिसऱ्या अंकात सरदार माझ्यासमोर आला. "माझ्याजवळ समदं हाय," तो म्हणाला, "फकस्त माझ्याकडं बघून हसणारं मानूस न्हाई." वाक्य मास्तरांचंच होतं, बोली त्याची. आता माझा नकार यायचा होता. मला तो पाठ होता, पण तोंडातून निघेना. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही डोळ्यांतून काजळ ओघळायला लागलं.

मास्तर पडद्याआडून वाक्य सांगत होते, ते सगळ्या गावाला ऐकू जात होतं, मलाच जात नव्हतं. तेवढ्यात बायांतून एक म्हातारी ओरडली, "अगं जा की बाई त्याच्यासंगं! कशापायी रडून राह्यलीस?"

सगळा मंडप हसला. वडील हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली, आणि सासऱ्यांनी दुसरीकडे बघितलं.

मला धनगरानंच सोडवलं. "तू माझ्या हातात हात देणार न्हाईस," तो म्हणाला, "मला ठाव हाय." आणि पाठ फिरवून आत गेला. पुढं नायकानं तलवार उपसली तर लोकांनी त्यालाच शिव्या दिल्या, एकानं ढेकूळ मारलं. वडील तोवर उठून गेले होते.

मी घरी आलो तेव्हा ते ओसरीवर होते. "तोंड धू," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मेंढ्या उठवायला सांगितल्या. धनगराला कारण विचारायची सोय नव्हती. तो रानातून कळप घेऊन निघाला तेव्हा मी बांधावर होतो. त्याच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. बाजाराच्या दिवशी पोरं मला "राणीसाहेब, मुजरा!" म्हणायची. मी बाजारात जाणंच सोडलं.

वर्षानं तो आला, विहिरीवर मेंढरांना पाणी पाजायला. मी मोट हाकत होतो.

"औंदा नाटकात हायस का?" मी विचारलं.

"न्हाई. आमच्या जाणत्यांनी बंद केलं. म्हनले, तू गावाम्होरं रडलास." तो ओशाळून हसला. "तुमी?"

"मलाबी न्हाई घेतलं."

त्यानं मान हलवली. मेंढरं पाणी पिऊन झाली आणि तो गोदावरीकडं निघून गेला. पुढं गावोगाव रझाकारांची धामधूम उसळली, तेव्हा धनगरांचे कळप इकडं फिरकेनासे झाले. तो परत दिसला नाही.

बायको नांदायला आल्यावर मला एकच धास्ती होती, की ती नाटकाचा विषय काढेल. बरेच दिवस तिनं काढला नाही. मग एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या दिशी तुमी खरंच रडला व्हता का?"

"डोळ्याला कांदा लावला होता," मी म्हणालो.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "मी मातर उगीच रडले. माय लई बोलली मला."

तिनं भाकरी उलटली. मी ताटावर मान घालून जेवत राहिलो, आणि तिला खरं सांगायला मला काही जमलं नाही.