काळं भाजलेलं जिरं

नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पला आम्ही राहायला आलो तेव्हा आमच्या नव्या वसाहतीतली झाडंसुद्धा काठ्यांच्या आधाराने उभी होती. पुण्याहून कंपनीने पाठवलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना आपलं म्हणावं असं खाण्याचं ठिकाण जवळपास एकच होतं, आणि तेही खरं तर भारतीय नव्हतं. बसथांब्याच्या मागे, केस कापायच्या दुकानाला लागून, एक सुरिनामी रोटीचं दुकान. साठी उलटलेले एक गृहस्थ आत रांधायचे, त्यांची बायको बाहेर काउंटर सांभाळायची. त्यांचे पणजोबा बिहारकडून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेले, आणि हे दोघं लग्नानंतर तिथून इथे आलेले. त्यांची हिंदी भोजपुरी वळणाची, मध्येच डचमध्ये घसरणारी. मी पहिल्याच दिवशी त्यांना अंकल म्हटलं तर ते म्हणाले, "आमच्याकडे काका म्हणतात." मी म्हटलं, "आमच्याकडेही." तेव्हापासून ते काका आणि त्या काकी.

त्यांची रोटी म्हणजे वाटलेली पिवळी डाळ भरलेली, गोड नसलेली पुरणपोळीच. तिच्यासोबत बटाटा, चवळीच्या लांब शेंगांची भाजी, आणि खाणाऱ्यांसाठी कोंबडीचा रस्सा. आमच्या घरी नवरा आणि मुलगी कोंबडी खायचे, मी बटाट्यावर खूश असायची. मुलगी काकांना 'रोटी-ओपा' म्हणायची, म्हणजे रोटीवाले आजोबा. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती उत्तर डचमध्ये देते, पण काकांशी मात्र ती तोडकीमोडकी हिंदी बोलायचा प्रयत्न करायची, कारण ते तिला एक जास्तीचा 'बारा', म्हणजे त्यांच्याकडचा डाळीचा वडा, द्यायचे.

मग लॉकडाऊन आला. काकांचं बहुतेक गिऱ्हाईक दुपारचं होतं: विमानतळाकडच्या ऑफिसांतले लोक, सफाईवाले, बसचालक. ऑफिसं एका आठवड्यात रिकामी झाली. हॉटेलात बसायला बंदी होती, फक्त बांधून न्यायला परवानगी. काकांनी एक टेबल दारातच आडवं लावलं, बाहेर फरशीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्या पट्ट्यांवर कोणी उभं राहील याची वाट बघत दोघं आत बसून राहिले. मी संध्याकाळी चालायला जायची तेव्हा काचेतून ते दिसायचे, मास्क लावून, हात मांडीवर ठेवून.

आमचा मराठी कुटुंबांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर मी लिहिलं, शुक्रवारी कोणीच स्वयंपाक करायचा नाही, सगळ्यांनी काकांकडून मागवायचं, मी आणि नवरा सायकलवरून घरोघरी पोहोचवू. लोकांनी मनापासून साथ दिली. घरात कोंडून पडलेल्या माणसांना काहीतरी करायला मिळालं होतं. शुक्रवारी दुपारपासून काकी फोनवर ऑर्डरी घ्यायच्या, काका आत रोट्या लाटायचे, आणि माझ्या सायकलच्या दोन्ही पिशव्या गरम व्हायच्या. ते काही महिने मला वाटायचं की आपण यांना वाचवतो आहोत.

हिवाळ्यात दुकानाच्या दारावर कागद लागला, आजारपणामुळे बंद. दोघांनाही कोरोना झाला होता. मी त्यांच्या दारात खिचडी ठेवून यायची आणि फोन करायची. दवाखान्यात न्यायची वेळ आली नाही, दोघंही घरीच बरे झाले, आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

दुकान उघडल्यावर पहिल्या शुक्रवारी आम्ही नेहमीपेक्षा जास्त मागवलं. त्या रात्री जेवताना मुलीने एक घास घेतला आणि ताट सरकवलं. बटाटा तुरट लागत होता, मीठ जवळजवळ नव्हतंच, आणि शेंगांमध्ये मिरची इतकी की नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ग्रुपवर कोणी तक्रार केली नाही. कोणी काहीच लिहिलं नाही, त्यावरूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण काकांनी मलाच आधी विचारलं.

"बेटी, कालचं कसं होतं? खरं सांग."

मी म्हटलं, "मीठ कमी होतं, काका. आणि शेंगा फार तिखट."

त्यांनी मान हलवली. "मला काहीच लागत नाही. वासही नाही. तोंडात घातलेलं गरम आहे की थंड, एवढंच कळतं."

"आणि काकी?"

काकी आतून म्हणाल्या, "माझं अजून वाईट. मला वास येतो, पण सगळा सडका येतो. कांदा तव्यावर पडला की मला बाहेर पळावं लागतं."

डॉक्टरांनी वाट बघायला सांगितलं होतं. कोणीतरी वासाचे व्यायाम असतात म्हणून सांगितलं होतं. काउंटरवर चार लहान बाटल्या होत्या: लवंग, लिंबाची साल, निलगिरी, गुलाब. काका सकाळ-संध्याकाळ त्या नाकाशी धरायचे आणि डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करायचे. माझ्यासमोरही त्यांनी लवंगेची बाटली धरली. बराच वेळ धरली. मग झाकण लावून म्हणाले, "ही लवंग आहे, हे मला लेबलवरून माहीत आहे."

मी सुचवलं, की मी शुक्रवारी ऑर्डरी निघायच्या आधी येऊन चाखत जाईन. दुसरं काय करणार होते? घरून काम चालू होतंच, लॅपटॉप तासभर बंद ठेवणं एवढं अवघड नव्हतं. तर मी मागच्या दारात उभी राहायची, मास्क हनुवटीवर ओढून, आणि काका लांबूनच पातेल्यातला बटाट्याचा रस्सा चमच्याने एका वाटीत घालून ओट्यावर ठेवायचे आणि दोन पावलं मागे सरकायचे. गार वाऱ्यात मी ते चाखायची आणि सांगायची. मीठ अजून थोडं. आंबट कमी. आता ठीक. ते माझ्या चेहऱ्याकडे असं बघायचे, जसं डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना आपण बघतो.

एकदा मी म्हटलं, "जिरं करपल्यासारखं लागतंय."

"जास्त?"

"हो, जरा कडवट झालंय."

पुढच्या वेळी त्यांनी जिरं लवकर उतरवलं. मला बटाटा आवडला. ग्रुपवरही पुन्हा मेसेज येऊ लागले, आज मस्त होतं, अगदी घरच्यासारखं. ते वाचून मी काकांना दाखवलं. काकी हसल्या. काका म्हणाले, "चला, तुझी जीभ आहे तोवर चालेल."

ते चाललं नाही. एका शुक्रवारी मी चाखून निघत होते तेव्हा पुढच्या टेबलापाशी एक वयस्क सुरिनामी बाई आल्या. ॲमस्टरडॅमहून बसने यायच्या, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी आदल्या आठवड्यात नेलेल्या जेवणाबद्दल काकींना सांगितलं, फार हळू आवाजात, दुखावू नये अशा बेताने. जेवण चांगलं होतं, पण हे तुमचं नाही. मसाला फिका आहे. जिरं काळं भाजलेलं नाही. "आमच्या आईचं जेवण इथे मिळायचं, म्हणून मी एवढ्या लांब येते," त्या म्हणाल्या.

काका आतून ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "बेटी, पूर्वी कसं लागायचं ते तुला आठवतं ना?"

मी आठवायला लागले. इतकी वर्षं मी त्यांच्या हातचं खाल्लं होतं. आवडायचं, हे अगदी पक्कं आठवत होतं. कुठल्या टेबलावर बसायचो, मुलगी कशी बोटं चाटायची, तेही आठवत होतं. पण चव डोळ्यांसमोर आणता येत नाही. जिरं किती काळं, मिरची किती मागे रेंगाळायची, काही म्हणता काही हाती लागेना. माझ्या जिभेला एकच माप ठाऊक होतं, माझ्या घरचं, आणि दर शुक्रवारी मी त्यांचं जेवण त्या मापाकडे ओढत होते.

"नीट नाही आठवत, काका," मी म्हटलं.

"मलाही नाही," ते म्हणाले.

त्या बाईंनी चाखून सांगावं असं मी सुचवलं. पण त्या दूर राहायच्या, त्यांचं वय झालेलं, आणि तेव्हा कोणी कोणाच्या स्वयंपाकघरात शिरत नव्हतं. त्यांच्या मुलाने त्यांना बसने फिरायलाही मनाई केली असं नंतर काकींकडून कळलं.

त्यानंतर काकांनी जिरं अंदाजाने काळं भाजायला सुरुवात केली, घड्याळ लावून. कधी खरंच करपायचं, कधी कच्चं राहायचं. मी चाखायला जायची, पण आता मी काही सांगितलं की ते "हां, हां" म्हणायचे आणि पातेल्यात काही घालायचे नाहीत. आमच्या ग्रुपवरही उत्साह ओसरला होता. कोणी म्हणायचं या आठवड्यात घरीच केलंय, कोणी म्हणायचं मुलांना पास्ता हवा आहे. मी कोणाला दोष देऊ शकत नव्हते. माझ्याच घरात मुलगी शुक्रवारी दुपारपासून भूक नाही म्हणायची.

वसंतात हॉटेलांच्या बाहेर बसायला परवानगी मिळाली. सगळं गाव उन्हात खुर्च्या टाकून बसलं होतं. काकांच्या दुकानाचं शटर खाली होतं. मी फोन केला.

काकी म्हणाल्या, "बंद केलं, बेटी. आता लोक इथेच बसून खाणार. समोर बसून खाणाऱ्याचं तोंड कसं बघणार हे?"

मी म्हटलं, थोडं थांबा, डॉक्टर म्हणतात येईल हळूहळू. स्वयंपाकी ठेवता येईल. मी अजून बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग मुलीच्या शाळेची चौकशी केली.

मागच्या उन्हाळ्यात ते दोघं सुपरमार्केटच्या बाहेर बसथांब्याच्या बाकावर भेटले. काकींचं बरंच सुधारलं आहे, आता घरी त्या रांधतात. काकांचं तसंच आहे. मुलगी आता उंच झाली आहे, हातात बटाट्याच्या तळलेल्या काड्यांचा कागदी कोन होता. तिने तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एक काडी घेतली, सावकाश चावली, आणि तिला डचमध्ये विचारलं, "चांगलं आहे?"

"हो," ती म्हणाली. "थोडं खारट."

त्यांनी मान डोलावली. काकींनी पिशव्या उचलल्या, बस आली होती. मी एक पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि बसच्या दारापर्यंत पोहोचवली.