थोरल्याची बाजू

दादासारखी जुजबंदी करणारा, सुटी पानं शिवून पुस्तक उभं करणारा हात त्या गल्लीत दुसरा नव्हता. शिक्षण सातवीपर्यंतच, पण वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधायला त्याच्याकडेच यायची. बाप गेला तेव्हा तो सोळाचा, बहीण चारची. तिला त्यानंच वाढवलं, शिकवलं, स्वतःचं लग्न राहूनच गेलं. हे तो लपवायचा नाही. का लपवावं?

दुकानात एक रीत होती. सुटं केलेलं पुस्तक शिवण्याआधी बहीण मोठ्यानं वाचायची आणि दादा पुठ्ठ्यांना खळ लावत ऐकायचा.

त्या महिन्यात तिला परगावी दवाखान्यात नोकरी लागली होती. दादानं चक्क नाही म्हणून सांगितलं होतं. तेवढ्यात बांधायला एक कादंबरी आली. तीत असाच एक थोरला, बहिणीसाठी झिजलेला. शेवटी बहीण चालून आलेली नोकरी सोडते आणि त्याच्यापाशीच राहते. दादानं तो भाग दोनदा वाचून घेतला, डोळे पुसले.

"बघ! माझ्यावरच लिहिलंय जणू. आता तरी कळलं ना, थोरला काय चीज असते?"

"कळलं. तू त्याच्यासाठी रडलास."

"मग काय त्यातल्या दूधवाल्यासाठी रडू?"

"तिच्यासाठी रड की. तीनशे पानं आहेत, दादा. भाऊ बोलतो, शेजारी बोलतात, तुझा तो दूधवालासुद्धा बोलतो. ती नुसता चहा आणून ठेवते."

"अगं, गोष्टीतली बाई ती! तिचं काय एवढं?"

"आणि थोरला तेवढा खरा?"

दादा उसळला, "माझ्या जिवावर शिकलीस आणि मलाच शिकवतेस?"

बहिणीनं सुट्या पानांतून एक काढून त्याच्यापुढे ठेवलं. तेच वाक्य, शब्द न् शब्द. थोरल्याच्याच तोंडी. वाचून घेताना दादानं त्यावर "वा!" म्हटलं होतं.

सोमवारी ती गेली. पोचवायला दादा उठलासुद्धा नाही. पुस्तक त्यानं एकट्यानंच शिवलं.

वाचनालयाचा कारकून न्यायला आला. "बहीण दिसत नाही कुठं?"

"नोकरीला धाडली," दादा म्हणाला. "मीच. माझ्याशिवाय कोण धाडणार तिला?"

"वा! भाऊ असावा तर असा."

"असतो कुठं सगळ्यांना," दादा म्हणाला आणि कारकून दिसेनासा होईपर्यंत ताठ उभा राहिला.