खालचा कप्पा

लेकीनं माझ्या हातावर बोटाच्या पेराएवढी एक वस्तू ठेवली आणि म्हणाली, "आईच्या फोनातलं सगळं ह्यात हाय, बाबा. फोटो, तिचं बोललेलं, सगळं. माझ्याच्यानं ऐकवत नाय. तुमी ऐका."

पेन ड्राइव्ह म्हणतात त्याला. मी तो रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि मोहोपाड्याहून, लेकीकडनं, घरी आलो. भाताची कापणी तोंडावर होती. कापणी झाली, झोडणी झाली, पेंढा रचून झाला, तरी मी ती गाठ सोडली नाही. कामाचं निमित्त होतं. खरं म्हणजे भीती वाटत होती.

माझी बायको चैत्रात लेकीकडं गेली होती. पायांवर सूज यायची, ती तिकडच्या डॉक्टरला दाखवायला. आठ-दहा दिवसांत येते म्हणाली. मी इकडं घरी, म्हशीपाशी. ती सातवी शिकलेली, लिहायला चांगलं यायचं तिला, पण मला वाचायला फार वेळ लागतो. मी चौथीतनं शाळा सोडली. म्हणून ती रोज फोनवर बोलून पाठवायची आणि मी ओट्यावर बसून ऐकायचो. मग माझा फोन बंद पडला. पडला कसला, मीच पाडला, ते सांगतो पुढं. पाच दिवस माझ्याकडं फोन नव्हता. मधे एकदा शेजाऱ्याच्या फोनवरनं बोललो, तर दोनच वाक्यं झाली. "मी बरी हाय. म्हशीला बघा." सहाव्या दिवशी जावई स्वतः गाडी घेऊन दारात आला. मी पोचलो तेव्हा तिचे डोळे उघडे होते, पण ती बोलत नव्हती. नंतरही बोलली नाही.

तिचे दिवस झाल्यावर लेकीनं सांगितलं, "त्या पाच दिवसांतबी ती तुमाला रोज बोलून पाठवायची. मी म्हटलं, अगं, बाबांचा फोन बंद हाय. तर म्हणाली, असूदे, चालू झाला की ऐकतील."

तो फोन काही चालू झाला नाही. जावयानं मला साधा बटणांचा फोन घेऊन दिला. तिचं ते पाच दिवसांचं बोलणं तिच्याच फोनात राहिलं, आणि तिचा फोन मरायला टेकला तेव्हा जावयानं आतलं सगळं काढून ह्या पेराएवढ्या वस्तूत भरलं. म्हणजे तिनं मला शेवटचं काय सांगितलं ते माझ्या रुमालाच्या गाठीत होतं आणि मी भात झोडत होतो.

शेवटी एक दिवस सकाळी उठलो आणि चौक गावाला गेलो. जुन्या हायवेला एका गॅरेजला लागून झेरॉक्सचं दुकान आहे. गॅरेजवाल्याची सून चालवते. चाळिशीची बाई, तोंडानं फटकळ, कामाला चोख. माझी बायको बचत गटाचे कागद काढायला तिच्याकडंच जायची.

"काय बाबा, हयातीचा दाखला काय?"

"जिवंत हाय मी. दिसत नाय का?"

"मला दिसतंय. सरकारला दिसायला अंगठा लावावा लागतो."

मी गाठ सोडून तिच्यापुढं पेन ड्राइव्ह ठेवला आणि काय ते सांगितलं. तिनं तो उचलून हातात घेतला. मग म्हणाली, "काकींचा आवाज. बरं. पण आधी तपासते हां. बाहेरनं आलेलं काहीबी तपासल्याशिवाय मी उघडत नाय. मागं एकानं कसला फॉर्म आणला, माझं मशीन आठ दिवस आजारी."

हे मला पटलं. खोपोलीच्या एका कारखान्याच्या गेटवर मी उभं आयुष्य काढलं, वॉचमन म्हणून. सुटणाऱ्या पाळीची झडती घेणं हेच काम. पिशवी उघड, खिसे उलटे कर, डबा दाखव. सुरुवातीला मी डब्याचं वरचं झाकण तेवढं उघडून बघायचो. मग एकदा साहेबानं माझ्यासमोर एकाचा चार कप्प्यांचा डबा पूर्ण सोडवला. वरच्या कप्प्यात भाकरीचे तुकडे, दुसऱ्यात लोणच्याचं तेल, तिसरा रिकामा आणि सगळ्यात खाली तांब्याची तार, वेटोळं करून. त्या माणसाला मी रोज रामराम करून सोडत होतो. तेव्हापासून मी शेवटचा कप्पा बघितल्याशिवाय कोणाला सोडलं नाही. लोक शिव्या द्यायचे. बायको म्हणायची, घरी माझ्या डब्यांना हात लावायचा नाय.

तर मशीनची झडती चालू झाली. एक हिरवी पट्टी सरकत होती. अर्ध्याच्या पुढं गेली आणि एकदम लाल झाली.

"बाबा, ह्यात काहीतरी वाईट निघालंय. साफ करू का?"

"कर की साफ. विचारतेस काय?"

तिनं बटण दाबलं. मग पेन ड्राइव्ह उघडला आणि बघतच राहिली. आत काही नव्हतं.

साफ. आम्ही भांडं साफ करतो आणि चोर घर साफ करतात, शब्द एकच. मी भांड्याच्या अर्थानं बोललो, मशीननं चोराच्या अर्थानं ऐकलं.

"गं बाय, कुठं गेलं सगळं?"

"सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं होतं, बाबा. झिप म्हणतात. त्यात कुठंतरी एक वाईट फाइल, तर मशीननं आख्खं गाठोडंच..."

मी ओरडलो. काय ओरडलो ते सांगण्यासारखं नाही. गॅरेजमधली माणसं पान्हे हातात घेऊन बाहेर आली. तिच्याच फोनवरनं मी लेकीला फोन लावला, म्हटलं जावयाच्या लॅपटॉपमध्ये अजून असेल बघ. लेक म्हणाली, "तो कंपनीचा होता बाबा, दिवाळीआधी परत दिला. का? काय झालं?" "नंतर सांगतो," म्हटलं. फोन दिला आणि दुकानाच्या पायरीवर बसलो. समोरनं ट्रक जात होते. एकेक मोजल्यासारखा बघत होतो.

आतनं ती बाई म्हणाली, "बाबा, या आत. गेलं नाय ते. क्वारंटाइनमध्ये हाय."

"कशात?"

"क्वारंटाइन. वाईट सापडलं की मशीन लगेच मारून टाकत नाय, वेगळं कोंडून ठेवतं."

हा शब्द मला समजावून सांगायची गरज नव्हती. कोरोनात आमच्या गावच्या शाळेत माझ्या बायकोला कोंडलं होतं, चौदा दिवस. मला काही झालं नव्हतं, म्हणून मी बाहेर. शाळेसमोरच्या बांधावर जाऊन मी उभा राहायचो आणि ती चौथीच्या वर्गाच्या खिडकीतनं ओरडायची, "भाकरी जमली का? का नुसतं पीठ भिजवून म्हशीला घातलंत?" आख्खी शाळा हसायची. पंधराव्या दिवशी चालत घरी आली आणि पहिल्यांदा चूल बघितली.

"म्हणजे परत कोंडली," मी म्हणालो.

"काय?"

"काय नाय. सोडवायची कशी ते बोल. आणि हे कसलं गं तुमचं मशीन? एकाच्या डब्याच्या खालच्या कप्प्यात तार निघाली म्हणून आमी कधी आख्खी पाळी डांबून ठेवली नाय. तार काढून घ्यायची, त्या एकाला बाजूला घ्यायचं, बाकीच्यांना घरी सोडायचं."

"मशीनला गाठोड्यातनं एकच वस्तू उचलता येत नाय बाबा. म्हणून सगळंच उचलतं."

"तुला येतं का?"

"येतं. वेळ लागेल. आणि तुमी ओरडायचं नाय."

तिनं आधी इंटरनेटची वायर उपटली, काही बाहेर जायला नको आणि आत यायला नको म्हणून. मग ते गाठोडं कोंडवाड्यातनं सोडवून एका वेगळ्या जागी ठेवलं आणि उघडलं. आत आणखी एक गाठोडं. त्याच्या आत आणखी एक. जावयाची सवय, सगळं नीट बांधून ठेवायची. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो.

"हा वरचा कप्पा," ती म्हणाली. मघाशी मी डब्याचं सांगितलेलं तिनं लगेच उचललं होतं. "फोटो हायत सगळे. साफ..."

"तो शब्द नको."

ती हसली. "बरं. चांगला हाय वरचा कप्पा."

दुसराही चांगला निघाला. त्यात देवांचे फोटो आणि गुड मॉर्निंग. तिसऱ्यात बायकोचं बोललेलं होतं, दिवसा-दिवसाचं वेगळं ठेवलेलं. तेही चांगलं. सगळ्यात खालच्यात पट्टी लाल झाली. बाईनं वाचलं, "लग्नपत्रिका. ही बघा, नाव लग्नपत्रिका, पण पुढं टिंब देऊन ही तीन इंग्रजी अक्षरं हायत ना, त्यावरनं कळतं. ही पत्रिका नाय. फोनात शिरणारं ॲप हाय. काकींना कोणी पाठवलं काय म्हाईत."

"मी," मी म्हणालो.

लग्नाचे दिवस होते. आमच्याकडं पत्रिका आली आणि बघितली नाही, असं होत नाही. नाही गेलं तर वर्षभर तो माणूस तोंड फिरवून जातो, आणि आपल्या घरी कार्य निघालं की तोच मांडवात दिसत नाही. त्यामुळं गावातल्या एकाच्या फोनवरनं पत्रिका आली तशी मी ती दाबली. ती काहीतरी विचारत होती, मी हो दाबलं. परत विचारलं, परत हो. चारदा हो म्हटलं तरी नवरा-नवरीचा फोटो येईना. मला वाटलं, आपल्यालाच वाचता येत नाही. म्हणून तीच पत्रिका मी बायकोला पुढं ढकलली आणि बोललो, "बघ गं, कोणाचं लगीन हाय." दुसऱ्या दिवशी माझ्या फोननं माझ्या नावानं आख्ख्या गावाला लग्नाला बोलावलं. लोक घरी येऊन विचारायला लागले, आजोबा, या वयात? जावयानं शेजाऱ्याच्या फोनवर निरोप दिला की फोन बंद करा, सिम काढा, हात लावू नका. मी तसं केलं. तेच ते पाच दिवस.

हे मी त्या बाईला सांगितलं. जन्मभर गेटवर झडती घेतली, आणि हे माझ्याच हातनं आत गेलं, बायकोच्या फोनात. हेही बोललो.

ती म्हणाली, "काकींनी उघडलीच नाय पण. उघडली असती तर त्यांचाबी फोन गेला असता, आणि आज यातलं काय राहिलं नसतं." मग माझ्याकडं बघून विचारलं, "फक्त ही एक काढून टाकू? ही एकच. नीट ऐकून सांगा."

"टाक."

"नक्की?"

"टाक गं बाय."

तिनं ती एकटी काढली. बाकी सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं, एकेक कप्पा. पट्टी शेवटपर्यंत हिरवी गेली. माझ्या बटणांच्या फोनात बायकोचं बोललेलं तसंच्या तसं वाजत नव्हतं, म्हणून ते गाण्यासारखं करून मेमरी कार्डात भरलं. दोन ठिकाणी आणखी ठेवलं, एक स्वतःकडं.

"इथं ऐकता का घरी?"

"एक लाव. तीच हाय ना ते बघू."

तीच होती.

"अहो, ही पत्रिका कुठली पाठवलीत? ना नवऱ्याचं नाव, ना नवरीचं, ना गाव. उघडू नका, सांगते. उघडू नका." मागं नातवाचा टीव्ही ऐकू येत होता. "उघडलीत ना? उघडलीतच असणार. कोण बोलावतंय आणि कोण नाय, तुमाला लई घाई. गेटवर लोकांच्या डब्यात डोकं घालत होतात, आणि घरी आलात की डोळे मिटता."

दुकानवाली जोरात हसली आणि मग उगाचच प्रिंटरचे कागद सारखे करत बसली. मी उठलो.

बाकीचं मी दुपारी ओट्यावर ऐकलं. फार काही नव्हतं. डॉक्टर मीठ खाऊ देत नाही. नातू तिची काठी घोडा करून पळवतो. म्हशीला पाणी वेळेवर दाखवा. मला वाटलं होतं, ती मला रागावली असेल, फोन लागत नाही म्हणून, किंवा काहीतरी मोठं सांगितलं असेल. तसलं काही नाही. शेवटच्यात आवाज थकलेला होता.

"माळ्यावर राखेचा डबा हाय, तो भांडी घासायला काढू नका. वर राख हाय, खाली वाल हायत, बियाण्याचे. तुमी वरचंच बघता म्हणून सांगून ठेवते. झोपते आता."

त्या डब्यातली राख मी दोनदा भांड्यांना काढली होती. आणि दोनच दिवसांपूर्वी शेजाऱ्याला सांगून आलो होतो की यंदा आमच्याकडं बियाणं राहिलं नाही, वाल पेरायला थोडे तुझ्याकडचे दे.

शिडी लावून डबा खाली आणला. कोपरापर्यंत हात घातला तेव्हा वाल लागले. मी जिथनं राख उपसली होती तिथला थर पातळ झाला होता, तिथल्या वालांना भुंगा लागला होता. खालचे तसेच होते, तिनं ठेवले तसे. सगळं सुपात ओतलं, ओट्यावर बसलो, शेजारी फोन ठेवून पहिल्यापासून लावला आणि एकेक दाणा उलटापालटा करून निवडायला लागलो. भोकाचा इकडं, चांगला तिकडं. "उघडू नका," ती एकदम म्हणाली, आणि माझा हात सुपातच थांबला. मग तिचं पुढचं सुरू झालं, आणि मी पुढचा दाणा उचलला.