भिंतीवरची सून

मालिकेत मला मारायचं ठरलंय, हे मला मेकअप करणाऱ्या मुलीकडून कळलं. धाकट्या सुनेचं काम होतं, चारच महिने झाले होते. भांडायला गेले तर व्यवस्था बघणारा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, एक फोटो लागेल. साडीतला, घरगुती. भिंतीवर लावायला." माझ्याकडचे सगळे फोटो ऑडिशनच्या तोऱ्यातले. रागाच्या भरात मी बालाघाटला फोन केला आणि आईला म्हटलं, माझा तो हिरव्या साडीतला फोटो कुरियरने पाठव. कशाला, ते सांगितलं नाही.

तो फोटो स्थळांना दाखवायचा होता. आईने स्वतः साडी नेसवून, स्टुडिओत शेजारी उभं राहून, मला दोनदा हनुवटी खाली घ्यायला लावून तो काढवला होता. लांजीपासून गोंदियापर्यंत त्याच्या प्रती फिरल्या होत्या. मी तो मागते म्हणजे पोरगी ताळ्यावर आली, असंच तिला वाटलं. "मुंबईतलाच आहे का कोनी?" तिने विचारलं. आवाजात इतका आनंद होता की मी "बघू" म्हणून फोन ठेवला.

सेटवर त्या फोटोला हार चढला तेव्हा मात्र मला घरची भिंत आठवली. आमच्या घरात तसा एकच फोटो होता, बाबांचा. मी नववीत असताना ते गेले आणि आई त्यांच्या जागी कचेरीत लागली. मला मुंबईला पाठवू नका म्हणून सगळे नातेवाईक एक झाले, तेव्हा ती एकटी हो म्हणाली होती. तिनेच काढवून घेतलेला फोटो आता तिला हारात दिसणार होता.

तो भाग दाखवायला दहा दिवस होते. मेलेल्या सुनेला सेटवर काम नसतं, म्हणून मी गाडी पकडून घरी आले. सांगायचा धीर रोज सकाळी यायचा आणि चहाबरोबर जायचा. आदल्या दिवशी मी केबलवाल्याला गाठलं. मुंबईला जाण्याआधी त्याच्या लोकल चॅनेलसाठी मी गमतीचे व्हिडिओ करायची. लग्नांच्या शूटिंगचा त्याचा कॅमेरा, आमची गच्ची, आणि भांडखोर शेजारीण मीच. गावात मला ओळख मिळाली ती त्या शेजारणीमुळे.

"भाऊ, उद्या साडेसातला अर्धा तास लाइन बंद ठेव."

"काहून ताई? तुमचीच तं सीरियल आहे."

मी कारण सांगितलं. "लोकं मले मारतीन," तो म्हणाला. मग, "हौ. पाहतो."

दुसऱ्या दिवशी आईने शेजारच्या दोन काकूंना बोलावलं, पोहे केले. मालिकेचं गाणं सुरू झालं आणि पडदा काळा पडला. भाऊ शब्दाला जागला. आईने टीव्हीवर दोन थापा मारल्या, मग मागची वायर चाचपायला लागली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. काटा काही हलेना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. तिकडे केबलच्या ऑफिससमोर माणसं जमून शिव्या देत होती, हे मला नंतर कळलं. पाच मिनिटं उरली असताना चित्र आलं.

आमच्या मालिकेत दुःखाची प्रत्येक गोष्ट तीनतीनदा दाखवायची पद्धत होती. त्यामुळे काहीच हुकलं नाही.

एक काकू बाबांच्या फोटोकडे बघून चटकन खाली बघायला लागल्या. आईच्या हातात वायर तशीच होती. "हा तं म्या पाठवलेला," ती म्हणाली. मी रडायला लागले. ती काकूंकडे वळली. "घ्या ना, पोहे थंडे होऊन राह्यले."

त्या गेल्यावर तिने मीठ-मोहरी घेऊन माझी दृष्ट काढली. एवढा वेळ तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. मग म्हणाली, "सांगून मांगतला असता तं दुसरा देल्ला असता. हा चांगला होता." ते वाक्य आठवून मला आजही लाज वाटते.

मी मुंबईला परतले. मालिका पुढे दीड वर्ष चालली आणि सासूच्या सोफ्यामागे माझा फोटो होताच. मला नंतर एवढं लांबलचक काम कधी मिळालं नाही. आई मालिका बघणं सोडून देईल असं मला वाटलं होतं. दर रविवारी फोनवर ती विषयही काढत नसे. मग एका रविवारी म्हणाली, "काल दिसली तू. सासूच्या मांगं. बरी दिसली." त्यानंतर ती दर रविवारी सांगायची, या आठवड्यात किती वेळा दिसले. आणि एकदा म्हणाली, "तो हार लई दिवसाचा झाला. बदलायले सांग तिथल्या लोकाइले."

दुसऱ्या दिवशी मी मोगऱ्याचा हार घेऊन सेटवर गेले. वॉचमन नवीन होता. माझ्याच फोटोसाठी आहे म्हटलं, तरी त्याने आत सोडलं नाही.

रविवारी मी आईला सांगितलं, बदलला.

"हौ," ती म्हणाली, "पाह्यला म्या. आता बरा दिसते."