कॅमेऱ्यातली काळी लोकर

तिने फोटो माझ्या जेवणाच्या टेबलावर पत्ते मांडावेत तसे मांडले. बहुतेक एकाच अंगणातले. मागे गंजलेलं फाटक, कडेला कढीपत्त्याचं झाड, मध्ये ती आणि तिची लहान मुलगी. या प्रत्येक फोटोत, बघणाऱ्याच्या डावीकडे, एक उभा तांबूस पट्टा होता. वर निमुळता, मध्ये रुंद, खाली जमिनीपर्यंत. कडा विरलेल्या. शेजारी कुणी उभं असावं आणि फोटो काढताना हललं असावं, तसा तो दिसे.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी नाशिकच्या एका दैनिकात डेस्कवर होते. ड्यूटी दुपारनंतरची, सकाळ मोकळी. त्या वेळात घरी बसून मी जुन्या कॅमेऱ्यांचे सील बदलत असे. आधी स्वतःच्या कॅमेऱ्याचे बदलले, मग ऑफिसातल्या फोटोग्राफरांचे, मग त्यांच्या ओळखीच्यांचे. काम किचकट आहे, अवघड नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाभोवती खाचा असतात आणि त्यांत काळ्या फोमच्या बारीक पट्ट्या. झाकण मिटलं की त्या दबतात, उजेड आत शिरत नाही. काही वर्षांनी हा फोम मरतो. उन्हाळ्यात डांबरासारखा चिकट होतो, पुढे त्याचा भुगा पडतो. मग फटीतून ऊन आत जातं आणि रंगीत फिल्मवर तांबडं होऊन उमटतं.

ती नाशिक रोडला आमच्या मागच्या गल्लीत राहायची. तिचा नवरा आदल्या वर्षी महामार्गावर अपघातात गेला होता. कॅमेरा त्याचा होता.

“हे उजेडाचं आहे ना?” तिने विचारलं.

“उजेडाचंच. बिजागरीकडचा फोम गेलाय.”

“मला वाटलंच होतं. पण आमच्या सासूबाईंना हे सांगून बघा तुम्ही, ताई.”

मग तिने अडचण सांगितली. नवऱ्याच्या जागी तिला नोकरी मिळाली होती, पण जळगावला. महिनाअखेर हजर व्हायचं होतं, नाहीतर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. सासूबाई घर सोडायला तयार नव्हत्या आणि नातीलाही सोडत नव्हत्या. कारण हे फोटो. पूजेला बायको नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसते. म्हणजे नवरा तिच्या उजव्या हाताला. पट्टा प्रत्येक फोटोत नेमका तिथेच होता.

“घरात काढलेल्या फोटोंत येतो का?” मी विचारलं.

“नाही ना. त्या म्हणतात, तो अंगणातच थांबतो. ह्यांना अपघातानंतर घरी आणलं नव्हतं. दवाखान्यातून थेट अमरधामला नेलं. त्यामुळे आत यायचं त्यांना सांगितलंच नाही कुणी, असं म्हणतात.”

घरात ऊन नसतं, म्हणून पट्टा येत नाही, असं मी सांगितलं. बाहेर कॅमेरा जितका वेळ उन्हात राहील तितका पट्टा दाट होतो, हेही सांगितलं. तिने मान डोलावली. मग आम्ही दोघी थोडा वेळ फोटोंकडे बघत राहिलो. एका फोटोत मुलीचा हात पट्ट्याच्या बाजूला जरासा उचललेला होता.

“नीट करून द्या,” ती म्हणाली. “एकदा स्वच्छ फोटो दाखवला की विषय संपेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाकण उघडलं. बिजागरीकडचा फोम पातळ होऊन चकाकत होता आणि त्यात एका अंगठ्याचा ठसा होता. रेघान् रेघ दिसत होती. सुटलेली पट्टी कुणीतरी दाबून बसवायचा प्रयत्न केला असणार. कुणी, ते सांगता येत नाही. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीने मी तो पुसला. त्याशिवाय काम पुढे जात नव्हतं. खाचा कोरड्या झाल्यावर त्यांत काळी लोकर बसवली, बिजागरीकडे दुहेरी. त्या काळी तसा फोम नाशिकमध्ये मिळत नसे. लोकर कुठेही मिळे आणि ती वितळत नाही.

नवा रोल घालून मी त्यांच्या घरी गेले. मायलेकी फाटकासमोर उभ्या राहिल्या. सासूबाई पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या सायखेड्याच्या. नवरा असेपर्यंत तिथेच शेतीवर राहिल्या, नंतर मुलाकडे आल्या.

मी कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा मुलगी आईला म्हणाली, “अजून सरक ना. बाबांना जागा कुठाय?”

आई सरकली. चौकटीत एका माणसाची जागा मोकळी राहिली. मी मुद्दाम कॅमेरा बराच वेळ उन्हात धरला आणि मग फोटो काढले.

प्रिंट आले. सगळे स्वच्छ. मोकळ्या जागेत फाटक दिसत होतं, इतकंच. सासूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

“गेला,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “पेपरात लिहिता तेवढं बास नाय का? आता फोटोतली माणसं बी खोडाय लागल्या?”

“आई, तो नुसता उजेड होता,” सून म्हणाली.

“तू गप. तुला जळगाव दिसतंय.” त्यांनी कॅमेरा मागितला. झाकण कसं उघडतं ते त्यांना माहीत होतं. आतल्या खाचेवरून त्यांनी बोट फिरवलं. “हे काय?”

“काळी लोकर. आत काही येऊ नये म्हणून.”

“काळा दोरा हाय हा. पोरीच्या पायात मी बांधलाय, तोच. बाहेरचं काय जवळ येऊ नये म्हणून बांधत्यात. तुमी त्याच्या वाटंला बांधला.”

काळा दोरा घातल्यावर येणारा यायचा थांबला, असं त्यांचं म्हणणं होतं. घडलं तसंच होतं. त्यांच्या हकिकतीत दुरुस्त करण्यासारखं मला एकही वाक्य सापडलं नाही.

“दोरा काढ,” त्या मला म्हणाल्या.

“काढू नका, ताई,” सून म्हणाली.

महिना संपत आला होता. घरात एक सुटकेस अर्धी भरून पडली होती. सासूबाईंनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. ते शेजारणीने मला आधीच सांगितलं होतं.

सुनेने कॅमेरा सासूच्या हातातून घेतला. केसातली पिन काढली आणि खाचेत घालून ओढली. लोकर अळीसारखी वळत बाहेर आली. तिने सगळ्या बाजू मोकळ्या केल्या आणि कॅमेरा परत सासूच्या मांडीवर ठेवला.

“घ्या. आता येतील. आले की त्यांनाच विचारा, मी जाऊ की नको. ते नको म्हणाले तर नाही जात.”

ती हे चिडून बोलत नव्हती. दवाखान्यात डॉक्टरची वेळ ठरवताना बोलावं तसं बोलत होती.

“विचारते की,” सासू म्हणाली.

माझ्याकडे एक रोल होता, तो मी घातला. सासूबाईंनी आयुष्यात कधी फोटो काढला नव्हता. बटण कोणतं ते मी दाखवलं, दुसरं काही सांगितलं नाही. मायलेकी सवयीने फाटकासमोर उभ्या राहिल्या. सासूबाईंनी कॅमेरा छातीशी धरला. ऊन थेट त्यांच्या पाठीवर आणि कॅमेऱ्याच्या झाकणावर होतं. त्या ओठ हलवत काहीतरी म्हणत होत्या. मुलीला तहान लागली, ती आईचा पदर ओढू लागली, तरी त्यांचं बोट हललं नाही. शेवटी बटण दाबलं गेलं. एकच फोटो. दुसरा काढायला त्या नाही म्हणाल्या.

मी रोल काढून लॅबमध्ये दिला आणि दुसऱ्या दिवशी प्रिंट घेऊन गेले. लॅबवाला म्हणाला होता, “मॅडम, हा वाया गेलाय, पैसे नको.”

सासूबाईंना चौकट धरता आली नव्हती. मायलेकी मध्ये नव्हत्या, डावीकडे गेल्या होत्या. तांबडा रंग पूर्ण डाव्या बाजूवर पसरला होता, आणि त्या दोघी त्याच्या आत होत्या. मुलीचा चेहरा दिसत नव्हता. आईचा अर्धा दिसत होता. उजवीकडे अंगण, पायरी, कढीपत्त्याचं झाड, सगळं स्वच्छ आणि रिकामं.

सुनेने फोटो पाहिला आणि मुलीला उचलून घेतलं.

सासूबाई बराच वेळ पाहत होत्या. “बघ,” त्या म्हणाल्या. “पायरीपाशी नाय. झाडापाशी नाय. दोघींना धरून फाटकात उभा हाय. निघालाय तो.” मग उठल्या. “भाकरी टाक. मला बी भूक लागली.”

त्या तिघी महिनाअखेरीच्या आधी निघाल्या. मी निरोपाला गेले. रिक्षा फाटकाशी उभी होती, सुटकेस आत गेली होती, घराला कुलूप लागलं होतं. सासूबाईंनी पिशवीतून कॅमेरा काढून माझ्यापुढे धरला.

“तो दोरा परत घाल.”

मला वाटलं, त्यांना आता पटलं. लोकर माझ्या पर्समध्ये होतीच. मी पायरीवर बसले.

“नीट घाल,” त्या म्हणाल्या. “फट ठेवू नको. आत बसलाय. वाटेत उतरायला नको.”

रिक्षावाल्याने घड्याळ पाहिलं. मी चारी बाजूंना लोकर बसवली, बिजागरीकडे दुहेरी, आणि झाकण मिटलं. सासूबाईंनी ते दोनदा दाबून पाहिलं. मग कॅमेरा सुनेकडे दिला. हे उजेडाचं आहे, असं आधी तिनेच मला म्हटलं होतं. तिने तो दोन्ही हातांनी घेतला आणि रिक्षा वळेपर्यंत झाकणावर तळवा दाबून धरला होता.