बुरुजगल्लीचा पासवर्ड

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक छोटी गाडी आहे. चार चाकं, पत्त्यांच्या कॅटाएवढा मेंदू आणि पोटात हादरा ओळखणारा सेन्सर. समोर सातवीचा भरलेला वर्ग. तुम्हाला त्या गाडीला एकच गोष्ट शिकवायची आहे : घाबरायचं कधी. रस्त्यावरून टिप्पर गेला, तर नाही. बाक सरकला, तर नाही. जमीन हलली, तरच. करून बघा. पहिल्या तासाला तुमची गाडी एक तर कशालाच घाबरणार नाही, नाही तर पंख्याच्या वाऱ्यानंसुद्धा किंचाळत सुटेल.

गीतांजलीची गाडी दुसऱ्या प्रकारची होती. खुद्द गीतांजलीसारखीच.

भूकंप झाला तेव्हा ती दुसरीत होती. गाव औसा तालुक्यातलं. पहाटे घराचं मातीचं माळवद खाली आलं आणि धाकटी बहीण मातीखालून जिवंत निघाली नाही. नंतर गाव वरच्या माळावर नव्यानं वसलं. सरळ रेषेतले रस्ते, घरांना नंबर. जुन्या गल्ल्यांची नावं खाली मातीतच राहिली. तिची आई सगुणाबाई नव्या पक्क्या घरात स्वयंपाक करायची, देवपूजा करायची, पण झोपायला अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. "स्लॅबखाली डोळा लागत न्हाई," एवढंच म्हणायची. दिवसासुद्धा चुलीशेजारी तांब्या पालथा घालून त्याच्या बुडावर फुलपात्र उपडं ठेवलेलं असे. फुलपात्र पडलं, की हातातलं टाकून बाहेर पळायचं.

पुढं गीतांजली शिकली आणि लातुरात क्लासेसच्या गल्लीमागं एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागली. शाळेत रोबोटचं साहित्य आलं, तेव्हा मुख्याध्यापक रेणुकादास सर म्हणाले, "मॅडम, गाड्या खेळवा, पण सिलॅबस सांभाळून. परवा एक पालक विचारत होते, नीटमध्ये रोबोटवर किती प्रश्न येतात."

तिनं पोरांना 'जर' आणि 'तर' शिकवलं ते आईच्या फुलपात्रावरून. जर फुलपात्र पडलं, तर पळा.

"मॅडम, अन् मांजरानं पाडलं तर?" मन्मथनं विचारलं.

"तरी पळते. लई वेळा पळाली आहे."

वर्ग हसला. मन्मथ हसला नाही. "मग दोन फुलपात्रं ठेवा की. दोन कोपऱ्यांत. दोन्ही पडले तरच पळायचं. मांजर एका टायमाला दोन्हीकडं कसं जाईल?"

असा त्या वर्गाला 'आणि' समजला. पोरांनी दोन सेन्सर, एक भोंगा आणि एक सिमकार्ड जोडून मॅडमच्या आईच्या घरासाठी डबा तयार केला. भिंतीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी हादरा बसला, तरच तो वाजणार होता. वर्गात बसून वेबपानावरून तो तपासता यायचा : चाचणीचं बटण दाबलं की तिकडं गावात भोंगा वाजे. हवं तर बंदही करता यायचा. दिवाळीच्या सुट्टीत गीतांजलीनं तो आईच्या भिंतीवर बसवला, एकदा वाजवून दाखवला; आई दचकेल म्हणून नंतर चाचणीचं बटण कधी दाबलं नाही. सगुणाबाईनं बरेच दिवस त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग एका संध्याकाळी फोनवर सहज बोलल्यासारखं म्हणाली, "बाज आत घेतली गं आज."

गीतांजलीनं फोन ठेवला आणि ती रडली. आई इतक्या वर्षांनी घरात झोपणार होती.

पासवर्डचा धडा तिनं पोरांकडून घोटून घेतला होता. स्वतःचं नाव नको, जन्मतारीख नको, मोबाईल नंबर नको. स्वतः मात्र डब्याला पासवर्ड दिला : बुरुजगल्ली. जुन्या गावातली त्यांची गल्ली. कुठल्या नकाशात नाही, कागदावर नाही, घरात कुणी उच्चारत नाही. यापेक्षा पक्कं कुलूप तिला सुचलंच नसतं.

उन्हाळ्यात एका दुपारी वर्ग चालू असताना आईच्या शेजारच्या नागप्पा मामांचा फोन आला.

"गीता, डबा बोंबलायलाय गं. तुजी माय पळत सुटली. उंबऱ्याला अडखळून पडली. गुडघा फुटलाय. आता रानात बसलीय, उठंना."

टेबलावरची गाडी शांत होती. भिंतीवरचं घड्याळ हललं नव्हतं. मांजर असणं शक्य नव्हतं, दोन सेन्सर होते. म्हणजे कुणीतरी आत शिरून चाचणीचं बटण दाबलं होतं. तिनं वर्गातल्या एकेका तोंडाकडं पाहिलं आणि प्रत्येक तोंडाची तिला भीती वाटली.

गाव गाठलं तेव्हा आई चिंचेखाली बसली होती, शेजारी नागप्पा मामा. गुडघ्यावर फडकं, हाताला वाळलेलं पीठ.

"चल घरी, आई. भूकंप नव्हता. कुणीतरी खोटंच वाजवलं."

"कोन?"

"माहीत नाही. पासवर्ड कुणाला तरी कळला."

"काय ठिवला हुता?" नागप्पा मामांनी विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं सांगितलं. मामा हळूच म्हणाले, "माज्या फोनलाबी तेच हाय."

"काय?"

"बुरुजगल्ली. गिरणीवाल्या शिवप्पाच्या वायफायलाबी तेच. पोरं कवाची वापरायलेत. गुरम्माच्या पोरीनं कॉलेजच्या फॉर्मला तेच टाकलं. आमाला वाटलं, हे बाहेरच्या कुनाला कशाला ठावं?"

गीतांजली चिंचेच्या बुंध्याला टेकली. जे नाव फक्त आपल्या घरात जपलंय असं तिला वाटत होतं, ते सगळी गल्ली तसंच जपत होती. प्रत्येकानं एकट्यानं, चोरून. गावातल्या कुणाच्याही बोटांना ते कुलूप उघडलं असतं. शिवप्पाच्या ओट्यावर बसणाऱ्या पोरांना मामांनी दरडावून विचारलं. कुणी कबूल झालं नाही.

तिनं तिथंच पासवर्ड बदलला. आईला घरी आणलं. सगुणाबाईनं एका हातानं बाज ओढत पुन्हा शेडमध्ये नेली. गीतांजलीनं अडवलं नाही.

सोमवारी तिनं वर्गाला सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. पोरं गंभीर झाली. शेवटच्या बाकावरची देविका, एरवी तोंड न उघडणारी, उभी राहिली.

"मॅडम, ज्याला पासवर्ड माहीत होता, तो वाजवू शकत होता ना?"

"हो."

"मग बंदबी करू शकत होता की."

बाहेर टिप्पर गेला, टेबल थरथरलं, आणि गाडी शिकवल्याप्रमाणं गप्प राहिली. गीतांजली त्या गप्प गाडीकडंच बघत राहिली. भोंगा वाजला म्हणून निदान कळलं तरी. पण न वाजणारा डबा कसा कळणार? कुणी कधी शिरलं, काय केलं, याची नोंद ठेवायला त्यांनी डब्याला शिकवलंच नव्हतं. पोरांनी सुचवलं नाही, मॅडमना आठवलं नाही.

आता नोंद ठेवली जाते. पासवर्ड असा आहे, की तो गीतांजलीला स्वतःलाही पाठ होत नाही. ती रोज शाळेतून डबा तपासते, आणि तिकडून आईचा फोन येतो, "वाजला गं." मग सगुणाबाई विचारते, "खरंच आल्यावर वाजंल का?" गीतांजली "हो" म्हणते. बाज अजून शेडमध्येच आहे.

पण गीतांजलीला छळतो तो पुढचा प्रश्न नाही, मागचा आहे. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत आई तिच्या भरवशावर त्या स्लॅबखाली निर्धास्त झोपत होती, तेव्हा तो डबा जागा होता का?